ससेखान्यातला पोळा

आमच्या सरांना लोक विक्षिप्त म्हणत. मला तो शब्द कधी पुरला नाही. विक्षिप्त माणसाचं निदान एक बरं असतं, तो आज जसा वागला तसाच उद्या वागेल अशी खात्री असते. सरांच्या बाबतीत तीही सोय नव्हती. मी त्यांच्या हाताखाली काही वर्षं काढली, जवळजवळ रोज त्यांच्याशी भांडले, आणि हा माणूस फार मोठा आहे की निव्वळ वेडा, हे मला तेव्हा कळलं नाही. आता माझे केस पिकले, तरी मी जिथल्या तिथे आहे.

ही गोष्ट पन्नासनंतरच्या दहा वर्षांतली. विद्यापीठ नवं होतं, उत्साह उतू जात होता आणि जागा मात्र कुठेच नव्हती. चिंचवड स्टेशनवर उतरून देहूरोडच्या अंगानं चालत गेलं की लढाईच्या दिवसांत बांधलेल्या लष्कराच्या पत्र्याच्या बराकी लागत. त्यातल्या तीन विद्यापीठानं तात्पुरत्या मागून घेतल्या होत्या. पहिल्या बराकीत शरीरक्रियाशास्त्राची प्रयोगशाळा, दुसरीत वनस्पती आणि प्राणी, तिसरीत ससे, गिनीपिग आणि बेडूक. डॉक्टर होणारी मुलं आणि निसर्गविज्ञान शिकणारी मुलं एकाच जागी, एकमेकांच्या मांडीला मांडी लावून शिकतील, अशी ही योजना होती. ती सरांचीच. केंद्राचं कागदावरचं नाव इतकं लांबलचक होतं की ते पूर्ण म्हणेपर्यंत तळेगावची गाडी निघून जाई. शेजारच्या गावानं ते कधी म्हणायचा प्रयत्नच केला नाही. गाव आम्हांला ‘ससेखाना’ म्हणे.

मी प्राणिशास्त्र शिकून तिथे डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले होते. तळेगावला मावशीकडे राहायची आणि रोज गाडीनं यायची. मुलगी काय करते असं कुणी विचारलं की मावशी ‘कॉलेजात शिकवते’ एवढंच सांगे. बेडकांचा विषय ती कटाक्षानं टाळे, कारण माझं लग्न व्हायचं होतं.

पहिल्याच दिवशी मी तिसऱ्या बराकीत गेले तर एक उंच, काटकुळा माणूस खाकी अर्ध्या पँटवर काळा कोट घालून सशाच्या पिंजऱ्यापुढे उकिडवा बसला होता आणि म्हणत होता, “अहो, जरा सरका. पाणी ठेवायचंय.” मला वाटलं, आत कुणी माणूस आहे. मी वाकून पाहिलं. आत ससा होता आणि तो सरकला नव्हता. सर तसेच वाट बघत बसले. सर सगळ्यांना ‘अहो’ म्हणत. मुलांना, शिपायाला, मला आणि सशांना. कापायला घेतलेल्या बेडकालाही म्हणत, आणि मग शांतपणे कापत. हे दोन्ही एकाच माणसाला कसं जमतं, इथपासून माझा गोंधळ सुरू झाला.

दुसरा गोंधळ इमारतीचा. इमारत नव्हती, पण सरांच्या बोलण्यात ती कायम होती. छप्पर गळलं की सर म्हणत, “इमारतीत गळणार नाही.” सूक्ष्मदर्शकं पुरत नाहीत म्हणून मुलं कुरकुरली की, “इमारत झाली की प्रत्येकाला एक.” हे इथवर ठीक होतं. पण बराकींपुढच्या मोकळ्या मैदानावर सरांनी ही इमारत चुन्याच्या फक्कीनं आखली होती, ती अगदी खऱ्या मापाची. मधून एक लांब रुंद बोळ, बोळाच्या एका बाजूला वैद्यकाच्या खोल्या, दुसऱ्या बाजूला निसर्गविज्ञानाच्या, टोकाला शीतगृह, आणि पूर्वेची सकाळच्या उन्हाची उत्तम जागा जनावरांना. वाऱ्यानं फक्की उडाली की सर आणि सखाराम मिळून पुन्हा आखत. सखाराम म्हणजे जनावरांकडे बघणारा गडी, शेजारच्या गावचाच.

इमारतीतून ये-जा दारानंच करायची असा नियम होता. घाईत एखादा मुलगा सरळ मैदान ओलांडून आला की सर ओरडत, “अहो, भिंतीतून काय येता!” आणि तो बिचारा मागे जाऊन, नसलेल्या दारातून वळसा घालून, बोळानं चालत येई. मी पहिला महिनाभर हसले. मग एक दिवस पावसात छत्री नसताना मी स्वतः दाराला वळसा घालून भिजत आले, आणि प्रयोगशाळेत पोचल्यावर मला माझाच राग आला. एकदा एक कुत्रं फक्कीची रेघ ओलांडून शीतगृहात शिरलं. सरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, “इथे खिडकी हवी असं त्यांचं म्हणणं दिसतंय.” हे गमतीनं म्हणाले की खरंच, ते विचारायचा मला धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी तिथे खिडकी आखलेली होती.

हसण्यासारखं असलं तरी हे प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बराकी लष्कराला परत द्यायच्या होत्या. त्याआधी विद्यापीठानं इमारत मंजूर केली तर केंद्र राहणार होतं, नाहीतर मोडणार होतं. मोडलं की डॉक्टरीची मुलं त्यांच्या कॉलेजात, बाकीची आपापल्या कॉलेजांत, ससे पुण्याला आणि सर कुठेच नाहीत. ते मुंबईच्या एका इस्पितळातली चांगली प्रयोगशाळा सोडून या पत्र्याखाली आले होते. लग्न केलेलं नव्हतं. या एका गोष्टीखेरीज त्यांना दुसरं काही नव्हतं, आणि ते मला ठाऊक असल्यामुळेच पुढे मी त्यांच्यावर इतकी चिडले.

पोळ्याची भानगड एका घोटाळ्यातून सुरू झाली. आमच्याकडे एक तरुण डॉक्टर संशोधनाला आला होता. वेगवेगळी इंजेक्शनं देऊन सशांचा ताप मोजायचा, असा त्याचा प्रयोग होता. सगळे ससे पांढरेशुभ्र, एकासारखे एक. मग ओळखायचे कसे? त्यासाठी पिक्रिक अ‍ॅसिडचे पिवळे ठिपके. एकाच्या उजव्या खांद्यावर, दुसऱ्याच्या डाव्या, तिसऱ्याच्या पाठीवर, आणि काहींना मुद्दाम कोरं ठेवलेलं. भाद्रपदातल्या अमावस्येच्या दिवशी सकाळी तो ताप मोजायला तिसऱ्या बराकीत गेला आणि आतून त्याची किंकाळी ऐकू आली. आम्ही धावलो. झाडून सगळे ससे मानेपासून पाठीपर्यंत पिवळेधमक होते आणि बराकीत हळद आणि तुपाचा वास सुटला होता.

आमच्या मावळपट्ट्यात पोळा भाद्रपदाच्या अमावस्येला येतो. आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करतात. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळतात. सखाराम घरच्या बैलांचं उरकून आदल्या संध्याकाळी सशांना चारा घालायला आला होता.

“मी बगितलं, निम्म्यांची खांदेमळणी झाल्याली,” तो हात जोडून सांगू लागला, “आन् निम्मी तशीच. त्यातबी कुनाचा येकच खांदा. मला वाटलं, सायबांनी हात घातला आन् राह्यलं आसंल. आता आर्धं कसं ठिवायचं? मंग मी केली समद्यांची.”

तरुण डॉक्टर खाली बसून चक्क रडायला लागला. त्याचं सहामाहीचं काम हळदीत गेलं होतं. मला वाटलं, आता सर सखारामला काढतात. सर सखारामच्या शेजारी जमिनीवर बसले आणि विचारू लागले.

“अहो सखाराम, खांद्यालाच का?”

“जू तिथंच ऱ्हातंय न्हवं.”

“आणि जो बैल वर्षभर आजारी होता, ज्यानं काहीच ओढलं नाही, त्याची करतात?”

“करत्यात की. गोठ्यात हाय म्हंजी त्याचीबी करायची.”

“आणि उद्यापासून पुन्हा जू?”

“तर! पेरण्या कोन करनार?”

सर उठून रडणाऱ्या डॉक्टरला म्हणाले, “अहो, सशांना आपले नंबर ठाऊक नव्हते, आता आपल्यालाही नाहीत. बरोबरी झाली. नव्यानं सुरू करा.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “बाई, आजपासून या दिवशी इथे प्रयोग बंद. सुई नाही, कात्री नाही, थर्मामीटरसुद्धा नाही. त्यांची सुट्टी.”

मला वाटलं, सरांच्या मनात कुठेतरी पाझर फुटला असावा. हा माणूस आता शाकाहारी होणार, जनावरं सोडून देणार, असलं काहीबाही मी मावशीला सांगितलंसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन पाहते तर सरांनी त्यातलाच एक हळद लावलेला ससा टेबलावर घेतला होता आणि सफाईनं त्याच्या कानाच्या शिरेतून रक्त काढत होते. “अहो, झालंच,” असं त्याला म्हणत होते. मी विचारलं, “सर, काल सुट्टी आणि आज हे?” ते म्हणाले, “काल पोळा होता.” जणू त्यात सगळं आलं.

देवधर्माचं म्हणावं तर तेही नाही. नवं यंत्र आलं तेव्हा शिपायानं नारळ फोडायचं काढलं, तर सरांनी नारळ खोवून मुलांना खायला घातला. अहिंसेवर कुणी बोलायला लागलं की त्याला विचारत, “तुम्ही देवीची लस टोचून घेतलीत ना?” दयाळू म्हणावं तर ताप आलेल्या मुलालाही ते आधी थर्मामीटर देत आणि मग सतरंजी. मी निरनिराळी नावं लावून पाहिली आणि एकही त्यांना बसेना.

पण दरवर्षी ससेखान्यात पोळा होऊ लागला. सखाराम गूळ, भिजवलेली डाळ आणि कोवळी मेथी आणी. मुलं पिंजरे धुवून काढत. गावाला याचं फार अप्रूप वाटलं. बैलांची मिरवणूक मारुतीला जाताना मुद्दाम वाकडी वाट करून ससेखान्यावरून नेऊ लागले. बायका लेकरांना कडेवर घेऊन सशांना बघायला येत. एक म्हातारी मला म्हणाली, “बाई, सायब लई देवमानूस हाय बघा.” मी होही म्हणाले नाही आणि नाहीही.

मग एका वर्षी विद्यापीठाची समिती इमारतीचं ठरवायला येणार असं कळलं, आणि तारीख नेमकी भाद्रपद अमावस्येची निघाली. सर्वपित्रीच्या दिवशी कुणी असल्या कामाला येतं का, म्हणून मावशीनं कपाळावर हात मारला. मी मारला तो वेगळ्या कारणानं. मी पळतच सरांकडे गेले.

“सर, त्या दिवशी पोळा आहे.”

“हो का? मग छान. बैल बघतील ते.”

“सर, ते प्रात्यक्षिकं बघायला येताहेत. बेडकाचं हृदय दाखवावं लागेल. तारीख बदलून मागू या.”

“त्यांची तारीख ते ठरवतील. पोळा आपण थोडाच ठरवलाय?”

मी विनवण्या केल्या. एकच बेडूक, सर. गावच्या कुणालाही कळणार नाही. बेडकाचा काही पोळा नसतो. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि चहा पिऊन निघून गेले. मला आशा वाटली की वेळ आली की ऐकतील.

समितीत तिघं होते. अध्यक्ष मुंबईचे एक बडे डॉक्टर, सूट घातलेले, पण स्वभावानं वाईट नव्हते. पहिल्या बराकीत मी सगळी मांडणी करून ठेवली होती. काजळी धरलेल्या कागदाचं ते फिरतं नळकांडं, त्याला टेकवलेली तरफ. बेडकाचं हृदय त्या तरफेला जोडलं की प्रत्येक ठोक्याची पांढरी रेघ काळ्या कागदावर उमटते. बघणाऱ्यावर छाप पाडायला याहून चांगलं आमच्याकडे काही नव्हतं. अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “हं, दाखवा.”

“आज नाही दाखवता येणार,” सर म्हणाले. “आज त्यांची सुट्टी आहे.”

“कुणाची?”

“बेडकांची. सशांची आणि गिनीपिगांचीही.”

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी नळकांड्याकडे पाहिलं.

“आपण धार्मिक आहात का?”

“नाही.”

“मग प्राण्यांवर प्रयोग करण्याला आपला विरोध आहे?”

“छे! उद्या या, हवे तेवढे बेडूक कापून दाखवतो.”

“उद्या मी मुंबईला असेन,” अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज अजून चढला नव्हता. दुसऱ्या एका सदस्यांनी, ते वनस्पतिशास्त्राचे होते, वातावरण हलकं करायला विचारलं, “झाडांना तरी सुट्टी नाही ना?” सर गंभीरपणे म्हणाले, “झाडांचं अजून ठरलेलं नाही.” ते सदस्य हसायचे थांबले.

मग सर त्यांना इमारत दाखवायला मैदानावर घेऊन गेले. मी मागून चालत होते आणि सुटाबुटातली तीन माणसं दारातून आत जातात की नाही याचीच मला धास्ती. गेली बिचारी. सर बोळातून चालत सांगत होते, इथे हे, तिथे ते, आणि सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला वाटलं, अजूनही जमून जाईल. खरंच अध्यक्ष ऐकू लागले होते. जनावरांना उत्तम जागा का, असं त्यांनी विचारलं, तर सर म्हणाले, “ती दिवसभर आणि रात्रभर तिथेच असतात. आपण पाच वाजता घरी जातो.” अध्यक्षांनी मान हलवली.

एवढ्यात हलगी वाजू लागली आणि गावची मिरवणूक वळणावरून आली. शिंगं रंगवलेले, झुली घातलेले बैल सरळ मैदानात शिरले. सर हात वर करून धावले, “अहो, दारातून! दारातून!” पुढे गावचे पाटील होते. वयस्कर, भारदस्त माणूस. पण त्यांनाही आता सवय झाली होती. त्यांनी अख्खी मिरवणूक मागे फिरवली आणि एकेक बैल दारातून आत घेतला. बोळात बैल मावेनात. अध्यक्ष शीतगृहात उभे होते, तिथे एक भला थोरला खिलारी त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला आणि त्यांच्या कोटाची बाही चाटू लागला. सर लांबून म्हणाले, “घाबरू नका हो.” हे कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

निघताना मोटारीत बसण्याआधी अध्यक्षांनी मला बाजूला बोलावलं. “तुमचे सर हुशार आहेत,” ते म्हणाले. “असा माणूस मी पाहिलेला नाही. पण सरकारी पैसा हुशारी बघून देता येत नाही हो, भरवसा बघून द्यावा लागतो.” मला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो सरांचा.

महिन्याभरात निरोप आला. लष्कराच्या जागेवर विद्यापीठ एक वीटही ठेवणार नाही. केंद्रानं स्वतःची जागा फुकट मिळवली, तर इमारतीचा पुन्हा विचार करू. मला कळत होतं की ही नाही म्हणायची सभ्य रीत आहे. फुकट जागा कोण देतो?

गावानं दिली. पाटील चार माणसं घेऊन आले आणि म्हणाले, “सायब, आयकलं त्ये खरं का? जागंवाचून आडलंय? मंग आमच्या गायरानात बांधा की. पंचायतीचा ठराव करतो, मामलेदाराकडं मी सोता जातो. तुमी आमच्या बैलांचा मान ठिवला. आन् डाक्टर हितंच ऱ्हायला तर आमच्या बायाबापड्यांना पुन्याला बैलगाडीतनं न्ह्यावं लागनार न्हाई.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर फार खूश झाले. ते पाटलांचा हात धरून नुसते हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही टेप आणि फक्कीची पाटी घेऊन गायरानावर गेलो. सर, सखाराम, मी आणि मागून पाटील. इतकी सुरेख सकाळ माझ्या नोकरीत दुसरी आली नाही. माळ लांबवर पसरलेला, दहिवरानं ओला. सर टेपचं टोक धरून मुलासारखे पळत होते. पूर्वेची भिंत आखून झाली. बोळाच्या मधोमध मात्र एक तांबडी गाय रवंथ करत बसली होती.

“अहो, जरा उठता का?” सर म्हणाले.

गाय उठली नाही. सखारामनं काठी उचलली. सरांनी त्याला हातानं थांबवलं आणि ते तिच्यासमोर बसले. आम्हांला वाटलं, दमले असतील. आजूबाजूला गुरं चरत होती. त्यातली काही आमच्या रेघेपाशी येऊन फक्की हुंगून परत फिरत होती. बराच वेळ गेला. मग सरांनी टेप गुंडाळायला सुरुवात केली.

“पाटील, तुमचे फार उपकार आहेत,” ते म्हणाले. “पण नाही. इथे गुरं चरतात.”

पाटलांना वाटलं, सर संकोचताहेत. “आवं, कोपरा त्यो. गायरान ह्ये आसं पार ओढ्यापातूर हाय. गुरांना काय कमी पडतंय?”

“मी वर्षातला एक दिवस जनावरांना देतो, पाटील. बाकीचे सगळे घेतो. आता त्यांचं ताटही घ्यायचं?”

“पर सायब, तुमचे त्ये ससे! ही गुरं आमची हायेत, तुमची न्हाईत. आन् आमी देतोय न्हवं?”

“ते खरं आहे,” सर म्हणाले, आणि टेप खिशात घातला.

पाटील माझ्याकडे वळले. “बाई, ह्यांना काय झालं वो?” मी सरांवर ओरडले. पाटलांच्या आणि सखारामच्या देखत ओरडले. किती मुलं इथे शिकली असती, किती बाळंतिणी वाचल्या असत्या, आणि तुम्ही एका गायीपायी हे सगळं घालवताय, असं म्हणाले. सर म्हणाले, “हो.” मी म्हटलं, “मग?” ते म्हणाले, “मग काही नाही.” आणि चालू लागले.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा द्यायच्या तयारीनं आले. सर तिसऱ्या बराकीत मेथीच्या काड्या निवडत बसले होते, नेहमीसारखे. त्यांना तसं शांत बसलेलं बघून माझा राग दारातच अर्ध्यावर थांबला आणि राजीनामा पिशवीतच राहिला. मला वाटलं, एवढं सगळं हातचं गेल्यावर हा माणूस असा बसू शकतो, तर याला काहीतरी दिसत असलं पाहिजे. आपली नजर तिथवर पोचत नाही इतकंच. बाहेर येऊन मी सखारामला तसं म्हणाले. तो म्हणाला, “आसंलच की. येवढा शिकल्याला मानूस उगाच न्हाई म्हनंल व्हय?” पाटीलसुद्धा आठवड्याभरानं येऊन गेले, सरांकडे नुसते बघत बसले, आणि पुन्हा विषय न काढता गेले. आम्ही सगळेच त्यांच्याकडे तसं बघू लागलो होतो.

केंद्र मोडलं. ससे, गिनीपिग ट्रकमधून पुण्याला गेले. मला पुण्यातच एका कॉलेजात नोकरी मिळाली आणि पुढे लग्नही झालं. सरांना विद्यापीठानं दुसरं काम देऊ केलं होतं, ते त्यांनी घेतलं नाही. तळेगावला एक खोली भाड्यानं घेऊन राहू लागले. मी मावशीकडे गेले की त्यांना भेटून येई. आम्ही गायरान सोडून बाकी सगळ्यावर बोलत असू.

काही वर्षांनी चिंचवडच्या बाजूला कारखान्यांची रीघ लागली आणि ते गायरान एका कंपनीला गेलं. कोपरा नाही, पार ओढ्यापर्यंत. तारेचं कुंपण पडलं. पाटील तेव्हा हयात नव्हते. सखाराम गुरं विकून त्याच कंपनीच्या फाटकावर पहारेकरी झाला. हे मला त्यानंच सांगितलं, आणि मी तशीच रागारागानं तळेगावला सरांकडे गेले. सर जमिनीवर बसून मटार सोलत होते. फार थकले होते.

“गायरान गेलं, सर. सगळंच्या सगळं.”

“हो, ऐकलं.”

“आपली इमारत तिथे असती तर निदान...”

“असती तर बरं झालं असतं,” सर म्हणाले.

मी मोठ्या भांडणाची तयारी करून गेले होते. “मग तुम्ही नाही का म्हणालात?”

सरांनी हातातली शेंग खाली ठेवली. “त्या गायीपुढे बसलो होतो तेव्हा मला अगदी नक्की वाटत होतं, बाई. स्टेशनपर्यंत चालत आलो तोवर तितकं नक्की राहिलं नाही. संध्याकाळपर्यंत तर काहीच राहिलं नाही. वाटलं, हे आपण काय करून बसलो. सकाळ झाली की पाटलांकडे जायचं आणि जागा द्या म्हणून पाय धरायचे, असं ठरवलं होतं.”

“मग गेला का नाहीत?”

“निघालोच होतो. सशांना मेथी घालून मग जाणार होतो. तेवढ्यात तुम्ही आलात. मला वाटलं, तुम्ही भांडणार. भांडला असतात तर लगेच उठून गेलो असतो. पण तुम्ही नुसत्या दारात उभ्या राहिलात आणि माझ्याकडे असं बघितलंत की जणू मला काहीतरी दिसतंय. मग सखाराम तसंच बघायला लागले. पाटीलसुद्धा. मी म्हटलं, मला तर काही दिसत नाहीये. पण ही इतकी शहाणी माणसं असं बघताहेत, तर असेल काहीतरी.”

मला एकदम रडू आलं. त्यांना ते दिसू नये म्हणून मी खाली बघून शेंगा सोलायला घेतल्या. सर माझ्याकडे बघत होते, उत्तराची वाट बघावी तसे.

“होतं का हो, बाई, काही?” त्यांनी विचारलं.

“होतं, सर,” मी म्हणाले.

“असं?” ते म्हणाले. त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “काय होतं?”